हृदय लहान झालं तो हिवाळा

मस्कतला ऑक्टोबर सरता सरता एक संध्याकाळ अशी येते की गाडीचा एसी बंद करून काच खाली करावीशी वाटते. त्याआधी कितीतरी महिने काच खाली केली की तोंडावर नुसती झळ यायची, स्टिअरिंगला हात लावला की चटका. आणि मग एका संध्याकाळी काच खाली करावी तर चक्क हवा येते. इथले लोक तिला थंडी म्हणतात. कसली डोंबलाची थंडी! कुडाळला माझी मामी एवढ्या गारव्यात पंखा लावून बसते. पण इथे सगळ्यांना ऊत येतो. समुद्रावर शेगड्या पेटतात, चहावाल्याच्या दुकानापुढे गाड्यांच्या रांगा लागतात, लोक गाडीतूनच हॉर्न मारून चहा मागवतात. ऑफिसातली माणसं एकमेकांना सांगत सुटतात, 'वेदर काय मस्त झालंय!' मला या हवेचा राग येतो. कारण ही हवा आली की शाळांचा खेळांचा हंगाम सुरू होतो, आणि पोरं पळायला लागतात.

माझं ऑफिस अल् खुवैरला आणि घर वादी अदाईला, आईबाबांकडेच. समुद्राकडचा रस्ता मी या दिवसांत टाळते. कुणी विचारलं तर सांगते, तिकडे ट्रॅफिक फार. परवा मात्र मोठ्या रस्त्यावर काम निघालं होतं, सगळ्या गाड्या समुद्राकडे वळवल्या होत्या. मी शिव्या घालत त्या रांगेत सरकत होते आणि उघड्या काचेतून शिट्टी ऐकू आली. दोन आखूड, एक लांब. माझा पाय ब्रेकवर गेला. मागच्यानं हॉर्न मारला, त्याच्या भाषेत त्यानंही शिवी घातली असणार. मी गाडी कडेला घेतली आणि तशीच बसून राहिले.

ही शिट्टी तुस्कानो सरांची. सर वसईचे, आमच्या शाळेत पीटी शिकवायचे. गळ्यात क्रूस, डोक्यावर कायम टोपी, आणि तोंडाळ तर असे की ज्याचं नाव ते. मी अकरा वर्षांची असताना आई मला घेऊन कुडाळहून बाबांकडे इथे आली. वर्गात सगळे इंग्रजी बोलायचे, मला येत नव्हतं. मैदानावर मात्र कुणी बोलत नव्हतं, सगळे पळत होते, आणि ते मला येत होतं. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला हाक मारली, 'काय गो पोरी, कोणाच्या मागे लागलेलीस एवढी?' परक्या देशात, परक्या मैदानावर मराठी ऐकून मला रडूच आलं. सर म्हणाले, 'रडतेस कशाला? रडण्यात दम घालवू नको, पुढचा राउंड मार.'

आमचा खरा सराव सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, समुद्रावर. ओहोटी लागली की ओली वाळू घट्ट होते, तिच्यावर पळायचं. सर आम्हा चार मुलींना आपल्या जुन्या गाडीत कोंबून न्यायचे. एरवी संध्याकाळी मी एकटी घराजवळच्या वादीत पळायची. वादी म्हणजे इथला कोरडा ओढा. पाणी वर्षातून एकदोनदा, तेही आलं की सगळं घेऊन जाणारं. बाकीचे दिवस नुसते गोटे, बकऱ्या आणि दोन्ही बाजूंना उघडेबोडके तपकिरी डोंगर. त्या गोट्यांवरून पळताना नजर खाली ठेवावी लागते, मग मनात दुसरं काही येत नाही. मला ते फार आवडायचं. मला त्यापेक्षा जास्त काही कधीच आवडलं नाही, आजतागायत.

सरांची एक सवय होती. पळून आलं की मनगट पकडायचे आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायचे. आणि सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, आमची आम्ही मोजायची. 'तुमचं इंजिन कसं चाललंय ते तुम्हांला कळायला पाहिजे,' म्हणायचे. पहिल्या वर्षी माझी नाडी इतरांसारखीच होती. पुढे ती हळू होत गेली. दहावीपर्यंत इतकी हळू झाली की सकाळी पडल्या पडल्या दोन ठोक्यांच्या मध्ये मी वाट बघायची. एक ठोका. मग शांत. मग दुसरा, भारदस्त, छातीच्या आतून कुणीतरी दार ठोकल्यासारखा. घाईच नाही त्याला. मी आईला एकदा हात लावून बघायला सांगितलं, तर ती घाबरून म्हणाली, 'अगो, ह्या बंद पडता की काय!' सर मात्र खूश. म्हणाले, 'मोठं इंजिन कमी फेऱ्यांत काम करतं. हे तू कमावलेलं आहेस, बापाकडून आलेलं नाही.' त्या वयात माझं स्वतःचं म्हणावं असं दुसरं होतं काय? कपडे आईच्या पसंतीचे, शाळा बाबांच्या पसंतीची. हृदय तेवढं मी स्वतः बनवलेलं होतं.

अकरावीचा हंगाम माझा होता. लोक असं म्हणतात तेव्हा मला हसू येतं, पण माझा खरंच होता. सगळ्या भारतीय शाळांच्या स्पर्धा त्या हिवाळ्यात व्हायच्या होत्या, आणि त्यांतून निवडलेल्या मुली पुढे भारतात राष्ट्रीय स्पर्धेला जायच्या होत्या. पंधराशे मीटरमध्ये शाळेतून एकच नाव जाणार होतं. सरांनी ते नाव उन्हाळ्यातच ठरवून टाकलं होतं. माझ्या मागे शेझा होती, केरळची, चांगली पळायची, पण ती स्वतःच म्हणायची, 'रेवती असताना मी कशाला?'

सप्टेंबरात सरांनी आम्हा सगळ्या धावणाऱ्यांना ईसीजी काढून आणायला सांगितला. शाळेचा तसा काही नियम नव्हता. सरांच्या गावातला एक मुलगा फुटबॉल खेळता खेळता खाली बसला होता. 'आम्ही त्याच्या तोंडावर पाणी मारत बसलो,' सर सांगायचे, 'आम्हांला वाटलं, ऊन लागलं. तो उठलाच नाही.' पालकांनी कुरकुर केली, कशाला उगाच खर्च म्हणून. सरांनी ऐकलं नाही.

माझ्या ईसीजीच्या रेघा काही बरोबर नव्हत्या. तिथून हृदयाच्या डॉक्टरांकडे, मग टू-डी एको, अंधाऱ्या खोलीत छातीवर थंडगार जेल. पडद्यावर माझं हृदय उघडमीट करत होतं, मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, अरे, तू असा दिसतोस होय! शेजारी बाबा हातात गाडीची किल्ली घट्ट धरून उभे होते. ते एसीच्या कंपनीत फोरमन. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस. पण त्या पडद्याकडे बघून त्यांना काही कळत नव्हतं आणि ते त्यांना सहन होत नव्हतं.

डॉक्टर ओमानी होत्या, तरुण, हसऱ्या. माझ्याशी इंग्रजीत बोलल्या, बाबांशी हिंदीत. त्यांनी सांगितलं ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकते. हृदय हा स्नायूच. रोज एवढं पळणाऱ्याचं हृदय मोठं होतं, त्याच्या भिंती जाड होतात, ठोके कमी होतात, ईसीजीही बदलतो. ते चांगलं लक्षण. पण एक आजार असा आहे की त्यातही भिंत जाड होते, आणि तो असला तर पळता पळताच माणूस कोसळतो. तुझी भिंत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. मुलींमध्ये व्यायामानं एवढी जाड सहसा होत नाही, म्हणून मी खात्रीनं सांगू शकत नाही.

'मग कळणार कसं?' मी विचारलं.

'थांबून,' त्या म्हणाल्या. 'तीन महिने पळणं बंद. व्यायामानं झालं असेल तर ते ओसरेल. आजार असेल तर तसंच राहील.' मग बाबांकडे वळून, बोट हलवून, 'तीन महीना. रनिंग खलास. थोडा भी नहीं.'

काय न्याय आहे बघा. जे मी कमावलं ते माझंच आहे हे सिद्ध करायचं, तर ते आधी घालवायचं. राहिलं तर आजार, गेलं तर माझं. डॉक्टरांची काही चूक नव्हती, उलट देवासारख्या भेटल्या. जिवाशी खेळ करायचा नाही, हे मला तेव्हाही पटलं होतं. तीन महिने मी थांबायला तयार होते. तीन महिन्यांनी जानेवारी येणार होता आणि शेवटच्या निवडीच्या शर्यती फेब्रुवारीत होत्या. सरांना सांगितलं तर ते काहीतरी करतील, एवढं मला ठाऊक होतं. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

बिघडलं ते गाडीत, दवाखान्याच्या पार्किंगमधून निघून वादी अदाईचा चढ लागेपर्यंत. आई मागे बसली होती. अचानक म्हणाली, 'कोणाक सांगूचा नाय हां.'

बाबा म्हणाले, 'म्हणजे?'

'म्हणजे कोणाक म्हणजे कोणाक नाय. मराठी मंडळात नाय, गावात नाय, शाळेत नाय. चेडवाची जात हा. हृदयात काय हा म्हणून एकदा बोभाटो झालो की उद्या सोयरिकीक कोण विचारीत? बरी झाली तरी लोक म्हणतले, तिच्या हृदयात होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.'

मी सोळा वर्षांची होते हो. सोळा! माझी सोयरीक अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हती आणि आईनं तिच्यासाठी माझं हृदय झाकायला घेतलं होतं. मी म्हटलं, 'सरांना तर सांगायलाच पाहिजे. त्यांनीच पाठवलं ना?' तर बाबा, एरवी आईचं एक न ऐकणारे बाबा, आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, 'सरांका सांगूया रिपोर्ट क्लिअर हा म्हणून.' आणि मग त्यांचा त्यांनाच प्रश्न पडला. 'पण मगे पळना नाय कित्याक, काय सांगूचा?'

आई लगेच म्हणाली, 'अभ्यास. अभ्यास म्हटला की कोण विचारणा नाय.'

हे मात्र खरं होतं. आपल्या लोकांत ताप, मरण, भांडण, सगळ्यावर चौकशी होते. अभ्यासावर होत नाही. अभ्यास म्हटलं की माणसं चपला काढून बाजूला होतात. मी रडले, ओरडले. आईनं माझा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला. 'माझी शपथ हा तुका.' ती घाबरली होती, बाबा घाबरले होते, हे मला दिसत होतं. पण घाबरलेली माणसं किती पद्धतशीर खोटं बोलू शकतात, हेही मला त्याच दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्यासोबत शाळेत आले. सर मैदानावर चुन्याच्या रेघा मारून घेत होते. बाबांनी सांगितलं, रिपोर्ट एकदम क्लिअर, पण अकरावी आहे, पुढे इंजिनिअरिंग, तेव्हा आता पळणं बंद. सरांनी आधी 'क्लिअर' ऐकलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. मग पुढचं ऐकलं. त्यांनी बाबांकडे नाही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. 'तुला पण असंच वाटतं?' त्यांनी विचारलं. मी आईच्या डोक्यावरचा माझा हात आठवत उभी राहिले. सर म्हणाले, 'बरं,' आणि चुन्याच्या रेघेकडे वळले. तोंडाळ माणूस तो. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांच्या पाया पडून सगळं सांगून टाकलं असतं. पण ते 'बरं' म्हणाले.

मग तो हिवाळा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो कसा असतो हे ज्यांना विचारायचं असेल त्यांनी मला विचारावं. वर्गाची खिडकी मैदानाकडे होती. हवा गार होत चालली होती, पळायला सगळ्यात चांगली हवा, आणि मी खिडकीत बसून भौतिकशास्त्राच्या पुस्तकावरून शेझाचे राउंड बघत होते. सर आता तिचं मनगट धरत होते. संध्याकाळी माझे पाय आपोआप हलायचे, पलंगावर बसल्या बसल्या पोटऱ्या ओढायच्या. आई माझी शाळेची बॅग स्वतः खालपर्यंत न्यायची; शेजारणीनं विचारलं तर सांगायची, 'पाठ दुखता तिची, अभ्यासान.' जेवणात तूप बंद, मीठ कमी, जिने चढताना 'हळू, हळू'. डॉक्टरांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त पळू नको म्हटलं होतं. पण आमच्याकडे एका गोष्टीला नाही म्हटलं की दहा गोष्टींना नाही होतं.

दिवाळीच्या कार्यक्रमाला मंडळाचे सगळे जमले. मदिनत सुलतान काबूसला राहणाऱ्या परांजपे काकूंनी मला जवळ घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'हिच्याकडून शिका! एवढी मेडलं मिळवणारी मुलगी, पण वेळ आली तशी अभ्यासाला लागली. किती समजूतदार!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. मी पळत होते तेव्हा यांतलं एक माणूस मैदानाकडे फिरकलं नव्हतं. थांबले तेव्हा टाळ्या. मी काकूंच्या हातातली चकली घेतली आणि खाल्ली, दुसरं काय करणार?

आणि रोज सकाळी मी अंथरुणात नाडी मोजत होते. ते कुणाला थांबवता आलं नाही. आधी काही फरक नव्हता. मग दोन ठोक्यांमधली ती शांतता कमी व्हायला लागली. मला वाट बघावी लागेना. ठोके हलके झाले, जवळ जवळ आले, घाईत असलेल्या माणसासारखे. मला कळत होतं की हे होतंय ते चांगलं होतंय. आजार नाही, आजार असता तर असं झालं नसतं. डॉक्टरांच्या आधी मला कळलं होतं. आणि तरी मला रोज सकाळी वाटायचं, कुणीतरी माझं घर एकेक चिरा काढून नेतंय आणि मी पडल्या पडल्या मोजतेय.

जानेवारीत पुन्हा तीच अंधारी खोली, तेच जेल. डॉक्टर पडद्याकडे बघत हसल्या. 'मबरूक!' म्हणाल्या, म्हणजे अभिनंदन. 'ओसरलं. तुझं हृदय नॉर्मल आहे.' मग मलाच म्हणाल्या, 'खेळाडूचंच हृदय होतं ते. आता हळूहळू सुरू कर, पुन्हा होईल. तुझ्या कोचला सांग, तो तयारी करून घेईल.' बाबांनी रुमाल काढून डोळे पुसले. आईनं तिथेच पर्समधून देवीचा अंगारा काढून माझ्या कपाळाला लावला. मी आईबाबांना कितीही बोलले तरी ते रडले होते, हे मी विसरत नाही.

येताना बाबांनी पेढे घेतले. सगळ्या बिल्डिंगमध्ये वाटायचे म्हणून मोठा बॉक्स. आणि घरी आल्यावर आई बॉक्स उघडून उभीच राहिली. पेढे कसले म्हणून सांगायचे? मुलगी आजारी होती हे सांगितलं नव्हतं. आता ती बरी झाली हे कोणत्या तोंडानं सांगणार? शेवटी मी स्वतः ताट घेऊन दारोदार फिरले आणि सांगितलं, युनिट टेस्टला चांगले मार्क पडले. लोकांनी पेढा तोंडात टाकून म्हटलं, 'बघ, पळणं सोडल्याचा फायदा!'

त्याच आठवड्यात मी मैदानावर गेले. बूट घातले. सरांनी पाहिलं. 'या, अभ्यासू बाई. पेपर संपले?'

'सर, परत येऊ का?'

'शेझाचं नाव पाठवलंय.' मग माझ्या बुटांकडे बघून, 'पळून दाखव. बघू.' मी परत यायला त्यांना मनातून हवी होते, मला माहीत आहे. त्यांनी टोपी काढली आणि शिट्टी वाजवली. दोन आखूड, एक लांब. मी पळाले. पहिला राउंड जुन्या सवयीवर गेला. दुसऱ्याला छाती भरून आली. तिसऱ्याच्या वळणावर माझे पाय होते, मन होतं, आत ढकलणारं काही नव्हतं. मी थांबले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. सर चालत आले. त्यांनी मनगट नाही पकडलं. म्हणाले, 'तीन महिने साधं घराभोवती पळायला पण वेळ नाही मिळाला तुला? आजारी होतीस म्हणून थांबली असतीस तर मी सहा महिने थांबलो असतो. तुझ्या मनातूनच गेलं, मग मी काय करू?'

पुढे बारावी आली. आता खरोखरचाच अभ्यास होता. बाबा म्हणाले, 'आता कित्याक परत सुरू करतंस, एक वर्ष तर ऱ्हवला.' खोटं बोलता बोलता त्यांचं खरं झालं. सगळ्यात वाईट म्हणजे मला मार्क पण चांगले पडले. पुण्याला शिकायला गेले, सर दुसऱ्या शाळेत गेले, मी नोकरीला परत इथे आले. पुण्यात एकदोनदा बूट घालून बाहेर पडले, पण पळणं ही काय एकट्यानं करायची गोष्ट आहे? कुणीतरी मनगट धरणारं लागतं. आता आई स्थळं बघते. माझ्या बायोडेटावर तिनं स्वतः टाइप करून घेतलंय, 'शालेय जीवनात धावण्याची अनेक पदके.' मी म्हटलं, हृदयाचं पण टाक ना. त्या दिवशी ती जेवली नाही. रात्री एवढंच म्हणाली, 'तेवा तुझ्या जीवाचा काय झाला असता तर?' अगं आई, पण मी जिवाबद्दल कुठे बोलतेय? थांबवलंस ते बरोबरच केलंस. लपवलंस कशाला?

तर परवा मी गाडीतून उतरले. वाळूवर दहा-बारा मुलंमुली घामेजून सरांभोवती बसली होती. सरांची टोपी तीच, खालचे केस पांढरे. मी पाठीमागून गेले. ते इंग्रजीत सांगत होते, 'परीक्षा जवळ आली की तुमचे पेरेंट्स तुम्हांला थांबवतील. थांबायचं नाही. माझी एक मुलगी होती. रेवती. तिच्यासारखी मी परत पाहिली नाही. अभ्यासासाठी सोडून गेली. डोन्ट बी रेवती.'

अकरा वर्षं. दर हंगामाला, दर नव्या मुलांना. माझ्या नावाची गोष्ट झाली होती आणि मला पत्ताच नव्हता.

'सर,' मी म्हटलं, 'रेवती तशी गेली नव्हती.'

ते वळले. ओळखायला क्षणभर लागला. मग मी तिथेच, त्या मुलांच्या देखत, मराठीत, भडाभडा सगळं सांगितलं. एको, जाड भिंत, तीन महिने, आईची शपथ, पेढे. आईची शपथ मोडली म्हणून आई काही मरायची नाही, आणि आजवर ती पाळून कोण जगलं? सर ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, 'मला का नाही सांगितलंस? मी काय तुला स्थळ घेऊन येणार होतो?' मग ते समुद्राकडे वळले.

'तुझा बाप म्हणाला क्लिअर,' ते हळूच म्हणाले. 'एवढं पळणारी मुलगी, तिचं क्लिअर. मी म्हटलं, बस, झालं, आपण उगाच घाबरतो. गावातल्या त्या एका पोरावरून सगळ्यांना टोचत बसतो. त्यानंतर मी कुणाला पाठवलं नाही, रेवती. अकरा वर्षांत एकालाही नाही.'

मी त्या मुलांकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. कुणी पाणी पीत होतं, कुणी बुटातली वाळू झटकत होतं, एक पोरगी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून घड्याळ बघत होती. पुढच्या राउंडची वेळ झाली होती. सरांनी शिट्टी तोंडाशी नेली आणि खाली केली.

'आज बस,' ते मुलांना म्हणाले. 'उद्यापासून पळणं नाही. आधी सगळ्यांचे ईसीजी. पालकांना सांगा, मी सांगितलंय. आणि काय येईल ते मला येऊन सांगायचं. खरं सांगायचं.' मुलांनी 'ओ सर!' करून गिल्ला केला. मग माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, 'ही रेवती. मी तुम्हांला चुकीचं सांगत होतो. हिच्या हृदयासाठी हिला थांबवलं होतं. अभ्यास खोटा होता.'

सगळी माझ्याकडे बघायला लागली. नाडी मोजणारी ती पोरगी मराठी असावी. मी सरांना सांगितलेलं तिला कळलं होतं. अडखळत, शब्द जुळवत तिनं विचारलं, 'ताई, पण मग डॉक्टर तर म्हणाली ना, तू नॉर्मल? मग परत का नाही पळाली तू?'

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. अकरा वर्षं जे मनातल्या मनात कुणाकुणाला ऐकवलं होतं, त्यातलं एक वाक्य पुढे येईना. आणि तोंडातून निघून गेलं, 'अभ्यास होता.'

मुलं हसली. सर हसले नाहीत.